पहिल्या वर्गाचा नारळ

सांताक्रूझच्या विमानतळावर पाय ठेवल्यापासून भिमाजी आण्णांचं डोकं तापलेलं होतं. पहिलं कारण बूट. जन्मभर वहाणांत वाढलेले पाय त्या काळ्या बुटांत कोंबले होते आणि दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. दुसरं कारण टाय. तो श्रीमंतरावांनी स्वतःच्या हातानं बांधला होता आणि गाठ जरा जास्तच आवळली होती. मे महिन्यातल्या मुंबईत घामाची धार पाठीवरून खाली ओघळत असताना माणसानं लोकरीचा कोट का घालावा, हे आण्णांना कुणी धड सांगू शकत नव्हतं.

आण्णा खैरवाडीच्या साखर कारखान्याचे चेअरमन. नगर जिल्ह्याच्या त्या कोरड्या टोकाला कारखाना उभा करायचा म्हणून त्यांनी दहा वर्षं घरोघर फिरून शेअर गोळा केले होते, मंत्र्यांच्या दारात ताटकळले होते, शिव्या खाल्ल्या होत्या, दुप्पट दिल्याही होत्या. आता ते विलायतेला निघाले होते. तिकडचे बीटाचे साखर कारखाने बघायचे, यंत्रं बघायची आणि दोन महिन्यांनी परत यायचं. तेही विमानाच्या पहिल्या वर्गानं. ही कल्पना उपाध्यक्ष श्रीमंतरावांची. "चेअरमन मागच्या खुर्चीवर बसले तर इज्जत कारखान्याची जाते," असं त्यांनी भर सभेत सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा नको नको म्हणाले, पण एकदाच, आणि तेही हळू. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्यांनी कुणाचा हात धरला नाही, आपले आपण चढले.

साल दुष्काळाचं होतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि काष्टीच्या बाजारात चांगली खिल्लारी जोडी मातीमोल जात होती. पाणी होतं ते फक्त कारखान्याच्या तळ्यात. ते उसाला राखावं असं श्रीमंतरावांचं म्हणणं, कारण ऊस त्यांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा. आण्णांनी मात्र तळ्यावरून कुंपणाबाहेरच्या हौदात नळ काढला होता आणि आसपासच्या वाड्यांना सांगून टाकलं होतं, की पाऊस पडेपर्यंत माणसं आणि जनावरं इथं पाणी पितील. त्यावरून संचालकांत चांगली जुंपली होती. पुढं श्रीमंतराव एकाएकी मऊ झाले आणि विलायतेचा विषय निघाला.

तिकिटाच्या खिडकीवर निळ्या साडीतली एक मुलगी होती. तिनं आण्णांची पेटी काट्यावर ठेवायला सांगितली. पेटीतून शेंगदाण्याच्या चटणीचा वास दरवळला तशी ती गालात हसली.

"आजोबा, पहिल्या वर्गात सगळं खायला मिळतं."

"भाकर मिळती का?" आण्णांच्या पाठीमागून चांगुणाबाईंनी विचारलं. आण्णांची बायको नऊवारीचा पदर डोक्यावर घट्ट धरून उभी होती.

"भाकरी नाही मिळत, आजी."

"मंग सगळं मिळतं कसं म्हनती?"

"गप ऱ्हा जरा," आण्णा बायकोवर खेकसले. त्या मुलीच्या हसण्याचा राग त्यांनी असा भलतीकडं काढला. आजोबा म्हणते. पन्नाशीच्या माणसाला आजोबा म्हणायला हिच्या जिभेला काही हाड?

पेटी सरकत पडद्याआड गेली. कारखान्याचे सेक्रेटरी दत्तोपंत बरोबर निघाले होते, त्यांची पेटी शेजारच्या खिडकीवर गेली. त्यांचं तिकीट मागच्या वर्गाचं. आण्णांना विलायतेत बोलता यावं म्हणून पंतांना घेतलं होतं, आणि विमानात दोघांमध्ये एक पडदा राहणार होता. ह्यात कुठली अक्कल, असं आण्णांनी दोनदा बोलून दाखवलं होतं.

एवढ्यात श्रीमंतराव फोटोवाल्याला घेऊन पुढं झाले. त्यांनी आण्णांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि येणाजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाषण ठोकलं. आण्णांनी कारखान्यासाठी रक्ताचं पाणी केलं. आण्णा चंदनासारखे झिजले. आण्णांचे उपकार खैरवाडी कधी विसरणार नाही. फोटो निघाला. "आता निवांत जावा आन्ना, मागची काळजी करू नका," असं म्हणत श्रीमंतराव उपाहारगृहाकडं वळले. खाली कारखान्याची गाडी आणि ड्रायव्हर उभा होता. विमान उडालं की चांगुणाबाईंना घेऊन परत निघायचं, असं ठरलं होतं.

चांगुणाबाई नारळाकडं बघत राहिल्या.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं.

"परवासाला निगालेल्या मानसाच्या हातावर दही देत्यात," त्या म्हणाल्या. "शाल-नारळ रिटायर मास्तराला देत्यात."

"तुला काय कळतंय? मोठ्या लोकांत असंच आसतं."

"आसंल. तो बोलला ते सगळं झालं-गेलं बोलला. येताना ह्ये आना, परत आल्यावर आसं करू, ह्यातलं काय बी बोलला न्हाई."

 आण्णांनी नारळ बायकोच्या पिशवीत कोंबला आणि पंतांना घेऊन चालू लागले. विमान उडताना दिसावं म्हणून चांगुणाबाई गच्चीकडं गेल्या.

पासपोर्ट तपासायच्या जागेच्या अलीकडं पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी खास खोली होती. दारातल्या माणसानं पंतांचं तिकीट पाहून हात आडवा घातला. मागच्या वर्गाला इथं प्रवेश नाही म्हणाला.

"ह्यो मानूस माझ्याबरूबर हाय," आण्णा म्हणाले. "ह्यो बाहेर तर मी बी बाहेर. मग तुमच्या पैल्या वर्गात कोन, तू बसनार का?"

शेजारचे दोन गोरे मान वळवून बघू लागले. दारातल्या माणसानं हात खाली घेतला.

आत गारवा होता. पाय घोट्यापर्यंत बुडेल असा गालिचा, बसलं की आत आत नेणाऱ्या खुर्च्या, चांदीसारख्या वाट्यांत काजू. एका वेटरनं अत्तर शिंपडलेला ओला टॉवेल आण्णांच्या हातात दिला. त्याचं काय करायचं ते न कळून त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि पँट भिजवून घेतली. मग पाणी आलं, उंच पेल्यात, बर्फ घालून. आण्णांनी दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. वेटर लगेच आला, पेला उचलला, उरलेलं पाणी कोपऱ्यातल्या कुंडीत ओतलं आणि नवा भरलेला पेला आणून ठेवला.

आण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कुंडीत कागदाची फुलं होती.

खैरवाडीला बाया हौदावर तांब्या विसळत नव्हत्या, पाणी वाया जाईल म्हणून. राहीबाई नावाची एक म्हातारी रोज तीन कोस चालून आपली गाय तिथं आणायची. गाय पिऊन झाली की तिच्या तोंडावरून निथळणारं पाणीसुद्धा म्हातारी ओंजळीत धरून स्वतःच्या डोक्यावर थापायची. आण्णा ते रोज सकाळी बघत. आता त्यांना एकदम वाटलं, आज ती आली असेल का? आणि तिथून मन बायकोच्या बोलण्यावर गेलं, ते हलेना.

शाल-नारळाची पद्धत कारखान्यात खुद्द आण्णांनीच पाडली होती. एखादा अधिकारी नकोसा झाला की त्याला घालवून देताना भांडण करायचं नाही. सभेत बोलवायचं, शाल घालायची, नारळ द्यायचा, तोंड भरून स्तुती करायची, गाडीनं स्टेशनवर पोचवायचं. एक मॅनेजर आणि एक इंजिनिअर असे त्यांनी वाटेला लावले होते. इंजिनिअरच्या वेळचं भाषण त्यांना आठवलं. चंदनासारखे झिजले, हे शब्द त्यांचेच होते. श्रीमंतरावांनी निदान नवे शब्द तरी शोधायचे.

"पंत, मला कारखान्यावर फोन लावून द्या."

"साहेब, आता विमानाची वेळ—"

"लावा म्हनतो न्हवं."

पहिल्या वर्गाचा एक फायदा झाला. इथल्या बाईनं तातडीचा ट्रंककॉल मागितला आणि तो चक्क लागला. पलीकडं तळ्याचा पहारेकरी गहिनीनाथ होता.

"हौद चालू हाय का?" आण्णांनी विचारलं.

"बंद हाय की सायेब. तुमची गाडी काल वळनाच्या पल्याड गेली आन् मी नळाच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं."

"कुनी सांगितलं?"

गहिनीनाथ गोंधळला. "तुमीच न्हाई का? श्रीमंतराव म्हनले, आन्ना सांगून चाललेत. किल्ली त्येंच्या घरी हाय. लोकं लई शिव्या देत्यात सायेब, पन मी म्हनलं, चेरमनचा हुकूम हाय."

आण्णांनी फोन ठेवला. पाणी तोडलं हे एक, पण ते आण्णांच्या नावानं तोडलं होतं. तीन कोसांवरून आलेली माणसं उन्हात उभी राहून आण्णांच्या आईबापांचा उद्धार करत होती, आणि आण्णा इथं मांडीवर अत्तराचा टॉवेल घेऊन बसले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

ते पंतांकडं वळले. पंत चष्मा पुसत होते, बराच वेळ.

"तुमाला म्हाईत हुतं."

पंत खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सभा आहे. नवा चेअरमन निवडणार आहेत."

"आन् तुमी मला सांगितलं न्हाई. मी तुमाला नोकरी दिली, पंत. तुमच्या पोरीच्या लग्नात मी आक्षदा टाकायला उभा हुतो."

"साहेब, सांगितलं असतं तर तुम्ही निघाला नसता." पंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही नसता निघाला तर मीही नसतो निघालो. मॅट्रिकला होतो तेव्हापासून लंडन बघायचं होतं मला. मागच्या वर्गाचं का होईना, तिकीट कोण देणार होतं मला?"

आण्णांनी हात उगारला होता, तो तसाच राहिला. मारावं इतकाही हा माणूस लबाड नव्हता, आणि ह्याचाच त्यांना जास्त राग आला. त्यांनी टाय ओढून काढला, पंतांच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "जावा. माझ्या खुर्चीवर बसू देत्यात का बघा."

आपण विमानात बसणार नाही, असं आण्णांनी तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं तशी ती मुलगी घाबरली. पेटी विमानात चढली आहे, आता काढता येणार नाही म्हणाली. आण्णा म्हणाले, "आसू दे. चटनी खावा." ते गच्चीवर गेले. चांगुणाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. नवऱ्याला परत आलेलं बघून त्यांनी पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

खाली ड्रायव्हरनं विचारलं, "श्रीमंतराव चा पितायत. बोलवू का?"

"त्येंला येष्टीनं येऊ दे. गाडी काढ."

खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं. पुण्यात आण्णांनी बूट काढून गाडीबाहेर फेकले. वाटेत कुठंही थांबायचं नाही म्हणाले, नगर रस्त्याला लागल्यावर तर ड्रायव्हरला चहासुद्धा पिऊ दिला नाही. सगळा रस्ता ते श्रीमंतरावांना शिव्या घालत होते, पंतांना घालत होते, टाळ्या वाजवणाऱ्या एकूणएक संचालकाला नावानिशी घालत होते. चांगुणाबाई बाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "आनी तुमी जायला तयार झालात, त्येचं काय?" 

खैरवाडीला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. हौदाभोवती माणसं होती, जनावरं होती, रिकामे हंडे होते. आण्णा अनवाणी उतरले. कुणी रामराम केला नाही. वाट मात्र दिली.

गहिनीनाथ पुढं आला. "सायेब, किल्ली माझ्याकडं न्हाई."

"पहार हाय का?"

"चेरमनच्या लेखी हुकमाबिगार चाकाला हात लावायचा न्हाई, आसं तुमीच—"

"मंग लिहून घे, भिमाजीनं चोरी केली."

पहार आण्णांनी स्वतःच शेडमधून आणली. पहिल्या घावाला साखळी नुसती खणखणली. दुसऱ्याला तळहात सोलला. त्यांनी श्रीमंतरावांचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि सगळा जोर लावून पहार हाणली, तेव्हा कुलूप उडालं. चाक फिरवलं. नळ आधी खोकला, हवा ओकला आणि मग पाण्याची धार हौदात कोसळली. जनावरं दावी ओढत पुढं घुसली, बाया हंडे घेऊन धावल्या. कुणी आण्णांचं नाव घेतलं नाही, पण शिव्या थांबल्या.

राहीबाई मात्र जागची हलली नव्हती. ती कुंपणाशी दगडावर बसली होती, हातात दावं. आण्णा तिच्याजवळ गेले. धाप लागली होती तरी त्यांना सगळं सांगायचं होतं. हुकूम माझा नव्हता, मला फसवलं, मी विमान सोडून आलो.

"राहीबाय, पानी सोडलं बघ. गाय आन."

म्हातारीनं वर बघितलं. तिच्या पलीकडं, कुंपणाच्या सावलीला, गाय आडवी पडली होती. कुणीतरी तिच्यावर पोतं टाकलं होतं.

"सकाळी बसली, ती उठली न्हाई," राहीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता सोडलंस व्हय, भिमा. पाजू कुनाला?"