सरूच्या छातीचा फोटो

रोह्यात डॉक्टर प्रविण यांच्या दवाखान्यात नूतन एक्स-रे काढायची. मशीन जुनं, कमी ताकदीचं. मोठ्या माणसाला ‘श्वास धरा’ म्हणून सांगता यायचं. लहान मुलं हलायची आणि फोटो बिघडायचा.

त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये निडीजवळच्या वाडीतून मोरू आणि रंभा आपल्या दोन वर्षांच्या सरूला घेऊन आले. पोरीचा खोकला काही केल्या जात नव्हता. नूतनने दोनदा फोटो काढले. दोन्ही वेळा सरूने अंग झटकलं आणि फासळ्यांच्या जागी नुसतं धुकं आलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया धरून औषधं दिली. ताप उतरला, पण छातीतली शिट्टी तशीच राहिली.

डॉक्टरांनी त्याच सुमारास मुंबईहून नवे स्क्रीन मागवले होते. एक्स-रेची फिल्म ज्या चपट्या डब्यात, म्हणजे कॅसेटमध्ये ठेवतात, तिच्या आत दोन्ही बाजूंना हे स्क्रीन असतात. किरण पडले की त्यांच्यावरची पूड क्षणभर उजळते, आणि फिल्मवर चित्र उमटतं ते मुख्यतः त्या उजेडानं. जुनी पूड निळसर, मंद उजळायची. नवी गॅडोलिनियम नावाच्या दुर्मीळ धातूची होती; ती हिरवी आणि लख्ख उजळायची. त्यामुळे किरण निम्म्याहून कमी लागायचे, वेळही कमी. हिरवा उजेड टिपणारी वेगळी फिल्म सोबत आली होती.

नूतनने आधी एका किल्लीचा फोटो काढून पाहिला. फिल्म धुतली तर सगळीच करडी! दुसरीचं तेच. मग तिची नजर डार्करूममधल्या पिवळ्या दिव्यावर गेली. जुन्या फिल्मला तो चालायचा. या फिल्मला तो उजेडच होता.

बाजारात पोपटशेठचा फोटो स्टुडिओ होता. ती तिथे गेली.

“शेठ, तुमच्या डार्करूममधला लाल दिवा द्याल का, दोन दिवस?”

“आणि मी फोटो कसे धुवू?”

“एका पोरीच्या छातीचा काढायचाय. दोनदा फुकट गेलाय.”

पोपटशेठ आत गेले आणि दिवा काढून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी किल्ली काळ्यावर पांढरीशुभ्र उठली. डॉक्टरांनी वाडीवर निरोप धाडला.

मोरू आला तो कुरकुरतच. “आणखी किती फोटू काढाल, बाय? पोरीला किरणं लागतात. माझा मेव्हणा धाटावला कंपनीत हाय, तो सांगतो.”

“खरं सांगतो तो,” नूतन म्हणाली. “म्हणूनच बोलावलं. या नव्या कॅसेटला थोडेच किरण पुरतात. पोर हलायच्या आत काम होतं.”

मोरूने शिशाचा जड एप्रन घातला आणि सरूला धरलं. ती किंचाळली, नूतनने बटण दाबलं. फिल्म धुऊन आली तेव्हा फासळ्या मोजता येतील इतक्या साफ होत्या.

डॉक्टरांनी ती उजेडावर बराच वेळ धरली. “उजवं फुप्फुस जास्त काळं दिसतंय. हवा आत अडकलीय की काय? नूतन, श्वास सोडलेला एक मिळेल का?”

“प्रयत्न करते.”

सरू रडत होती. रडण्याचा सूर लांबत लांबत संपत आला, पोट आत गेलं, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत नूतनने बटण दाबलं. जुन्या कॅसेटवर हे जमलंच नसतं.

या फोटोत डावं फुप्फुस आक्रसून पांढुरकं झालं होतं. उजवं फुगलेलंच होतं.

“उजवीकडची हवा बाहेर पडत नाही, नळीत काहीतरी अडकलंय. हिनं तोंडात काही घातलं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “शेंगदाणा? मणी?”

रंभाने नाही म्हणून मान हलवली. मग तिचा हात तोंडावर गेला. “आम्ही खळ्यावर वाल झोडत व्हतो. ही बाजूला खेळत व्हती. ठसका लागला, लाल झाली. मी पाठीवर थापटलं, पानी पाजलं. मग गप झाली… माज्या नदरंसमोर, वो.”

“तुझी चूक नाय गो,” मोरू पटकन म्हणाला.

डॉक्टरांनी पेणला मुलांच्या डॉक्टर नम्रताबाईंना फोन केला. संध्याकाळच्या आत तिघं पेणला पोचली. नम्रताबाईंनी दोन्ही फिल्म पाहिल्या, मुंबईच्या इस्पितळात कळवलं आणि रुग्णवाहिका करून दिली. तिथे भूल देऊन, श्वासनळीत दुर्बीण घालून डॉक्टरांनी फुगलेला वाल काढला. त्याचे दोन तुकडे झाले होते; दुसरा काढायला फार वेळ लागला. तेवढा वेळ रंभा दाराशी उभीच होती. बसली नाही.

आठवड्याने तिघं रोह्याला आली, सांगायला. सरू मोरूच्या खांद्यावर झोपली होती. नूतनने तिच्या पाठीला कान लावला, शिट्टी नव्हती.

“मुंबईच्या डॉक्टरांनी वालाचे ते तुकडे बाटलीत घालून दिले,” मोरू म्हणाला. “वाडीत सगळ्यांना दाखवनार व्हतो.”

“मग?”

“येताना हिनं पुलावरनं ती बाटली कुंडलिका नदीत टाकली.”

“मला ती घरात नको व्हती,” रंभा म्हणाली, आणि सरूला स्वतःकडे घेतलं.