एकशे वीस घोडे आणि तापीची वाळू

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला जरा जडच जाईल. धुळ्याबाहेर कापसाच्या एका बंद जिनाच्या मागे, बाभळीखाली जो सांगाडा पडला आहे ना, ती मी. मी मोटार होते. आता माझ्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. घालू देत. मला त्याचं काही वाटत नाही. बरीच वर्षं झाली, मला कशाचं फारसं वाटतच नाही. एक हकीकत मात्र आहे, ती सांगून टाकते.

माझा जन्म एकोणीसशे तीस सालचा, समुद्रापलीकडचा. एका रांगेत आठ सिलिंडर, एकशे वीस घोड्यांची ताकद. बोटीतून मुंबई, तिथून आगगाडीच्या उघड्या डब्यातून धुळे. रुपचंद पाटलांनी मला घेतलं. सगळे त्यांना आबा म्हणत. कपाशीची मोठी शेती, शिवाय सरकी काढायचा हा जिन त्यांचाच. माझ्यासाठी त्यांनी झिपरूला ठेवलं. तो आधी त्यांची बैलांची दमणी हाकायचा. पहिल्या दिवशी तो माझ्या बॉनेटवर हात फिरवत, बैलांना हाकावं तसं म्हणाला, "चाल माय, हाऊ!" आणि सगळे पोट धरून हसले.

आबांचे मेहुणे निंबा नाना यांच्याकडे एक छोटी मोटार होती. लोक तिला डबी म्हणत. वीस घोड्यांची, चढ आला की धापा टाकणारी. मंगळवारी बाजार झाला की दोघे ओट्यावर बसत आणि आमची तुलना सुरू होई.

"दाजी, तुमनी मोटार दिसाले राजा शे," निंबा नाना म्हणायचे, "पन पेट्रोल पेवाले हत्ती शे!"

"आनि तुनी डबी? चढ उना का खाले उतरीसन ढकलनी पडस!" आबा मिशीला पीळ देत म्हणायचे.

दोघांचंही खरंच होतं. मी ताशी ऐंशी मैल धावायचे, डबी पंचेचाळीसला थरथरू लागायची. मला बघायला लोक शाळा सोडून, दुकान सोडून येत. डबीवर कुत्रंही भुंकत नसे. पण पेट्रोलच्या एका डब्यात मी जेमतेम वीस मैल जायचे, ती पंचाहत्तर. तिचं चाक फुटलं तर सायकलवाला ठिगळ लावून द्यायचा. माझं टायर फुटलं की मुंबईला पत्र, मग आठ-दहा दिवस मी विटांवर उभी. ही सगळी चर्चा रंगायची, पण कामाची कोणती, असं कुणी कधी विचारलं नाही. मी तरी कशाला विचारू? मला कौतुक आवडायचं.

आबांची एकुलती मुलगी कुंदा. तिला तापीपलीकडच्या गावात दिली होती. मित्रांनो, आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. माहेरचा माणूस मुऱ्हाळी होऊन मुलीच्या सासरी जातो आणि तिला घेऊन येतो. मग झोके, गाणी, आंब्याचा रस, आणि मुलगी चार दिवस आईच्या कुशीत. कुंदा दोन आखाज्या आली नव्हती. एकदा सासू आजारी होती, एकदा घरात लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी मात्र तिची आई भिकुबाई स्वतःच अंथरुणाला खिळली होती. माघापासून तिने जमिनीला पाय लावला नव्हता. तिचं एकच म्हणणं होतं, एकदा पोरीला बघायचं.

कुंदाच्या सासूबाई, मंजुळाबाई, शिस्तीच्या. त्यांच्या घरचा नेम असा, की मुऱ्हाळी आखाजीच्या आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत दारात उभा राहिला तरच सून पाठवायची. त्यानंतर आला तर पाहुणचार घ्यावा आणि परत जावं.

आणि नेमकं आखाजीला दहा दिवस असताना माझं मागचं टायर फुटलं.

"दाजी, मी डबी लिसन जास. आजच जास," निंबा नाना म्हणाले.

"रुपचंद पाटीलनी आंडेर, एकुलती लेक, डबीमा बशीसन ई?" आबा कडाडले. "टायर ई जाई. मीच जासू."

खरं तर आमच्याकडे बाप स्वतः मुऱ्हाळी होऊन जात नाही. मामा जातो, भाऊ जातो. पण आबांना व्याह्यांच्या दारात मला उभं करायचं होतं. आतल्या खोलीतून भिकुबाईचा आवाज आला, "बैलगाडी धाडा. काहीबी धाडा. पन धाडा हो!" आबा म्हणाले, "धाडतो ना. धीर धर." नऊ दिवस गेले. टायर आलं ते आदल्या दिवशी दुपारी.

निघालो. मागून निंबा नाना डबी घेऊन आले. बहिणीने, भिकुबाईने, त्यांना पोरीला आणायची शपथ घातली होती. नरडाण्यापर्यंत मी त्यांना धुळीत पार दिसेनासं केलं. माझे आठही सिलिंडर एका सुरात गात होते, आणि आबा मागे वळून हसत होते. त्या अर्ध्या तासाइतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते, हे कबूल करते.

पुढे तापी आली. चैत्र-वैशाखात तापीला पाणी असतं थोडं, वाळू मात्र फार. पात्रात एक बारीक धार, बाकी सगळी वाळू, आणि कडेने कौतिक नावाच्या माणसाची कलिंगडाची वाडी. पलीकडच्या काठावर कुंदाचं गाव. आबांनी मोठ्या ऐटीत माझा भोंगा वाजवला, गावाला कळावं म्हणून. मग मी वाळूत उतरले आणि शंभर पावलांवर रुतले.

झिपरूने जोर लावला. माझी ताकद चाकांत उतरली आणि चाकं खाली खाली गेली. एकशे वीस घोडे, मित्रांनो, आणि सगळे मिळून मलाच खड्ड्यात घालत होते. दोन मिनिटांत मी पोटापर्यंत वाळूत.

तेवढ्यात डबी आली. निंबा नाना उतरले, वाळूत रुतू नयेत म्हणून चारही चाकांतली थोडी हवा सोडली आणि बाजूने हलक्या हाताने निघाले. ते पार झालेच असते.

"थांब!" आबा ओरडले. "पहिले मनी मोटार काढ!"

"दाजी, दिवा लागाले वेळ शे, तवर पोरले..."

"पहिले मनी!"

दोर बांधला. डबीने मला ओढलं. एक मोठा आवाज झाला आणि तिचा मागचा आस मोडला. आता दोघीही जागच्या जागी. कौतिक बैल आणायला पळत गेला.

तेव्हा पलीकडच्या काठावर कुंदा दिसली. हिरवं लुगडं, काखेत बोचकं. भोंगा ऐकून ती धावत आली होती. आमच्यात नि तिच्यात दोन-तीनशे पावलांचं अंतर. ती स्वतः होऊन येऊ शकत नव्हती. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय सुनेने नदी ओलांडली तर पळून गेली असं म्हणतात, आणि मग ते बोलणं जन्मभर पुसलं जात नाही. ती नुसती उभी होती.

"आबा, पायी जाऊत ना," झिपरू म्हणाला. "पानी घोटाइतलंच शे."

आबा माझ्या मागच्या गादीवर बसलेले. पांढरं धोतर, नवा फेटा, हातात सोन्याच्या मुठीची काठी. ते म्हणाले, "मोटार लिसन निंघनू, आनि वल्या धोतरमा व्याहीना दारमा उभा ऱ्हासू? बठ्ठं गाव हसी! बैल येतीन. थांबा."

"मग मी जास, दाजी," निंबा नाना म्हणाले आणि चार पावलं चाललेही.

"तू गया ते परत मना घर पाय ठेवू नको."

निंबा नाना थांबले. बहीण त्याच घरात होती. तिला भेटायला परत जायचं तर होतंच. ते वाळूत मटकन बसले. झिपरू चाकांपुढची वाळू हातांनी उपसत राहिला. सूर्य खाली गेला.

त्या वेळी मला लाज वाटली. गुळमुळीत बोलत नाही, खरोखर लाज वाटली. मी नसते तर तो बाप केव्हाच पाण्यात उतरला असता, हे मला कळत होतं. तो पाय खाली ठेवत नव्हता तो माझ्यामुळे. त्यानंतर मला फारसं काही वाटेनासं झालं.

पलीकडे एक दिवा लागला, मग दुसरा. काठावरून कुणीतरी कुंदाला हाक मारली. बैल आले तेव्हा ती गेलेली होती. बैलांनी मला ओढून पार केलं आणि मी व्याह्यांच्या दारात उभी राहिले. गाव मला बघायला जमलं, मुलांनी माझ्या दिव्यांना हात लावले. मंजुळाबाईंनी आबांना गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "पुढली आखाजीले या, आबा." त्यांना काय बोलणार? नेम त्यांचा जुना होता.

ऐन आखाजीला आम्ही रिकामे परत आलो. दारात माझा आवाज ऐकून आतून भिकुबाईने विचारलं, "उनी का मनी आंडेर?" निंबा नाना एकटेच आत गेले. तिने पुन्हा विचारलं नाही.

ज्येष्ठात ती गेली. कुंदा आली, बैलगाडीतून, नवऱ्याबरोबर. त्या वेळी मुऱ्हाळी लागला नाही. ती माझ्या शेजारून आत गेली आणि दहा दिवसांनी माझ्या शेजारूनच परत गेली.

पुढच्या वर्षी आबा आखाजीच्या आठ दिवस आधी निघाले. मोटारीशिवाय, पायी. झिपरू सोबत होता, त्यानेच नंतर मला पुसताना सांगितलं. आबांनी वहाणा हातात घेतल्या, धोतर खोचलं आणि तापी ओलांडली. ओल्या पायांनी ते व्याह्यांच्या दारात उभे राहिले. कुणीही हसलं नाही. कुंदाने पाणी दिलं, पाया पडली. आबा म्हणाले, "चाल माय, घर चाल." ती म्हणाली, "कोनाकडे येऊ, आबा? माय ते नही ना."

झिपरू फडकं पिळत राहिला.

आबा माझ्यात पुन्हा बसले नाहीत. मग लढाई आली, पेट्रोल मिळेना. माझं इंजिन काढून कुणा शेतकऱ्याने विहिरीवर बसवलं, चाकं कुणाच्या गाडीला गेली. जे उरलं ते तुमच्यासमोर आहे.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. आता ते करून काय उपयोग? तुमच्याकडेही एक दिवस मोटार येईल, माझ्याहून जोरदार येईल. तुम्ही तिची तुलना कराल, करा. फक्त ती कुठे रुतली आणि पलीकडे कुणी उभं असलं, तर बसून राहू नका. त्या संध्याकाळी तापीत माझं एकही दार अडकलेलं नव्हतं. कडी नुसती खाली दाबली की ते उघडत होतं.