आधी खडू, मग कात्री

माझी आत्या कपडे शिवते. तिच्या आठशे गिऱ्हाइकांची मापं मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरून दिली, कारण वहीतली अक्षरं तिला आता दिसत नाहीत. पडद्यावर आकडे हवे तेवढे मोठे करता येतात. म्हणजे कॉम्प्युटर बसला की दुकानच बसलं. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही मूग गिळून होतो.

आणि तो दर आठवड्याला बसत होता. 'मापांचा तक्ता बिघडला आहे' असं पडद्यावर यायचं, आत्याचा फोन यायचा, मी धावत जाऊन तक्ता दुरुस्त करायचे. दर दुरुस्तीत दोन-चार माणसं गळायची. मागच्या खेपेला एका पोस्टमनची मापं गेली. आत्याने अंदाजाने शिवलेल्या कोटात तो बिचारा हसायलाही घाबरतो.

मी व्हायरस शोधला, वायरी बदलल्या, विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मग एका दुपारी डोळ्यांदेखत कारण सापडलं. दुकानात प्लग एकच. इस्त्री लावायची झाली की आत्या कॉम्प्युटरची पिन खसकन उपटायची.

"आत्या, हे कधीपासून करतेस?"

"पहिल्या दिवसापासून. इस्त्री झाली की परत लावते की."

मला तिचा राग आला आणि लगेच माझीच लाज वाटली. माहिती साठवणारं इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर, मीच निवडलं होतं, वेगवान म्हणून. आठशे मापांना कुठे गाडी गाठायची होती, देव जाणे. ते थेट तक्त्यात लिहायचं. नेमकी लिहितानाच वीज गेली की सगळाच घोळ. दुसरं एक इंजिन होतं, जरा संथ. ते आधी काय करणार ते बाजूला टिपतं, मग तक्त्याला हात लावतं. वीज आली की टिपण बघून काम पुरं करतं, नाहीतर अर्धवट तेवढं पुसतं. हे सगळं मी आत्याला सांगितलं.

तिने कात्री खाली ठेवली. "म्हणजे हा आधी खडूने आखतो. आणि तू मला इतके दिवस न आखता कापणारा कारागीर दिलास?"

"तो भराभर कापायचा."

"असल्याला मी दाराबाहेर उभं करते."

तक्त्याची प्रत काढून मी इंजिन बदललं. दुसऱ्या प्लगसाठी वायरमनला बोलावते म्हटलं, तर म्हणाली, आधी परीक्षा. मी खोटी मापं साठवत होते आणि ती पिन उपटत होती, दहा वेळा, चांगलीच रंगात येऊन. माझा जीव टांगणीला. दहाव्यांदाही सगळी गिऱ्हाइकं जागच्या जागी होती.

"आता बोलव वायरमनला," आत्या म्हणाली. "तीन प्लग सांग."

"तिसरा कशाला?"

"मोटरच्या शिलाई मशीनला. कधीचं मनात होतं. पण वाटायचं, या वर्षी दुकानच बंद करावं लागणार, मग कशाला घ्या."

हे ती पहिल्यांदाच बोलली. मी वायरमनला चार प्लग सांगितले; चौथा, पुढे तिच्या मनात येईल त्याला.