संचारबंदीतली सुई

बुधाजी वाचला. पण हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी आठ वाजता खुद्द बुधाजीलाही ते माहीत नव्हतं.

छप्पन सालचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून गोळीबार झालेला आणि वरळीत संचारबंदी. बुधाजीचं मधुमेहाचं औषध माठाजवळ होतं, सिरिंज फळीवर होती. रोज येऊन टोचणारा जयवंत कंपाउंडर मात्र समोरच्या चाळीत अडकला होता. मधे रस्ता, रस्त्यात हवालदार.

कालच्या दोन्ही सुया चुकल्या होत्या. मधुमेह संचारबंदी पाळत नाही. बुधाजीने अख्खा माठ पिऊन संपवला, तरी जीभ लाकूडच. डोळ्यांपुढे बायको, कमलाबाई, दोन दिसत होत्या. त्याला एकच झेपत असे.

"आवो, आता तुमीच टोचा."

"मी? मला रक्त बघून चक्कर येते!"

"मग टोचून घ्या आन् मग पडा."

कमलाबाईंनी सिरिंज उकळायला ठेवली आणि वीस वर्षांच्या सवयीने पातेल्यात चहापत्ती व साखर टाकली. मधुमेह्याची सिरिंज गोड चहात दोन मिनिटं उकळली. मग शिव्या, नवं पाणी, पुन्हा उकळी.

समोरच्या गॅलरीत जयवंत उभा राहिला. बाहेर पडायला बंदी होती, ओरडायला नव्हती.

"बुधाजी! रोजच्या रेघेपर्यंत भर! हवा काढ! मांडी चिमटीत धर!"

"धरली रे!"

"आता खुपस! सरळ खुपस!"

खालून शिट्टी वाजली. "ए! कोण कुणाला खुपसतंय?"

"नवरा सोताला खुपसतोय, सायेब!" कमलाबाई कठड्यावरून ओरडल्या.

हवालदाराने क्षणभर विचार केला. असा गुन्हा त्याला दिलेल्या हुकमात नव्हता. "मग लवकर उरका," तो म्हणाला.

दोन्ही चाळींनी श्वास रोखला. बुधाजीने डोळे मिटले आणि टोचलं.

"झालं?" जयवंत.

"झालं. तुझ्यापेक्षा कमी दुखलं!"

संध्याकाळपर्यंत कमलाबाई पुन्हा एक झाल्या.

संचारबंदी उठल्यावर जयवंत आपला पत्र्याचा डबा घेऊन धावत आला. बुधाजीने त्याला बसवलं, पाणी दिलं, पण मांडी दिली नाही. जयवंत जरा वेळ डब्याची कडी उघडमीट करत बसला.

पंधरवड्याने जयवंतच्या दवाखान्यात अर्ज पोचला:

"अर्जदार चार इयत्ता शिकलेला असून सध्या एका रोग्यास रोज दोनदा सुई देत आहे. रोग्याची तक्रार नाही. सबब, अर्जदाराची त्याच्या स्वतःच्या दोन मांड्यांपुरती कंपाउंडर म्हणून नेमणूक व्हावी, व पांढरा कोट नग एक मिळावा, ही नम्र विनंती."