फाट्यापासून घरापर्यंत

"काजवा हाय ह्यो, काजवा!" आकाराम म्हणाले आणि सायकलच्या हँडलला रबरी पट्ट्यानं अडकवलेल्या त्या इवल्याशा दिव्याला त्यांनी टिचकी मारली. "समोरच्याला दिसंल, की बाबा कायतरी लुकलुकतंय. पर चालवणाऱ्याला रस्ता दिसाया नगं? फेल!"

अंगणात दिवस मावळून गेला होता आणि तो दिवा निळसर पांढरा चमकत आपली लाज राखायचा प्रयत्न करत होता. संयोगितानं तो कालच सांगलीत स्टँडजवळच्या हातगाडीवरून घेतला होता. ती आकारामांची सून. विश्रामबागेतल्या एका दातांच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं लिहून घ्यायची, फोन घ्यायची, आणि हळूहळू त्या दवाखान्याचं सगळंच बघायला लागली होती.

"बरं मामा, दुसरा बघते," एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

घरात सून-सासऱ्याचं बोलणं एवढंच असे. सासरा बाहेर सोप्यात, सून आत चुलीपाशी, आणि मधल्या उंबऱ्यावरून चहाचा कप इकडून तिकडं. त्या घराची रीतच तशी होती आणि ती कुणी घालून दिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं मोडायची कशी हेही ठाऊक नव्हतं.

आकाराम सैन्यात ड्रायव्हर होते. पेन्शनीत येऊन जमाना लोटला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं त्यांचं इन्स्पेक्शन काही सुटलं नव्हतं. घरात आलेली प्रत्येक वस्तू एकतर पास व्हायची नाहीतर फेल. लेकीला बघायला आलेल्या जावयालासुद्धा त्यांनी आधी बूट बघून पास केलं आणि मग पोहे दिले, असं त्यांची बायको रंगूबाई अजून सांगत असे.

दिव्याचा हा खटाटोप निघाला तो विश्वजीतच्या फोनमुळं. विश्वजीत त्यांचा मुलगा. शिरवळला कंपनीत होता, तिथंच खोली करून राहायचा, मोटरसायकल त्याच्याजवळच. संयोगिता सकाळी सायकलनं फाट्यापर्यंत जायची, जोतिबाच्या पंक्चरच्या दुकानात सायकल ठेवायची आणि एसटीनं सांगली गाठायची. परतीची गाडी फाट्यावर यायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. तिथून गावापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक द्राक्षबाग, आणि वाटेत एक दिवा असेल तर शपथ. म्हणून तिनं नोकरी धरली त्या दिवसापासून आकाराम हातात बॅटरी घेऊन फाट्यावर जायचे. एसटी आली की दोघं चालत घरी यायची. ती सायकल हातानं ढकलत, हे पुढं उजेड धरत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी जाताना, कालव्याच्या चारीचं पाणी रस्त्यावर आलं होतं तिथं त्यांचा पाय घसरला. मनगटाला प्लास्टर बसलं. गुडघा आधीच कुरकुरत होता, आता तो उघड बोलायला लागला. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी गडी पुन्हा फाट्यावर हजर.

मग विश्वजीतनं फोनवर सरळच सांगितलं, "आण्णा, आता बास. सायकलला चांगला दिवा बघा आन् तुमी घरात बसा. दिवा जमत नसंल तर संयोगिता नोकरी सोडंल. तुमचं हाड मोडून तिचा पगार नगं आपल्याला. पुढच्या सुट्टीला आलो की कायतर एक ठरवून टाकू."

फोन स्पीकरवर होता आणि संयोगिता तिथंच भांडी घासत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

दुसरा दिवा विश्वजीतनंच मोबाईलवरून मागवला. चार्जिंगचा होता, डब्यावर बर्फातून सायकल चालवणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र होतं. आकारामांनी तो बादलीतल्या पाण्यात बुडवून काढला, चावडीसमोरच्या खड्ड्यातून सायकल दोनदा आपटत नेली, आणि "आता रस्त्यावर बघू" म्हणाले. "रस्त्यावर बघू" म्हणजे संध्याकाळी फाट्यावर जाणं आलंच. इन्स्पेक्शनला गेलं तर त्याला कोण काय म्हणणार?

"मामा, तुमी कशाला आलासा?" एसटीतून उतरल्या उतरल्या संयोगिता म्हणाली.

"दिवा बघाया आलोय. तू हो म्होरं. मी मागनं हाय."

तिनं दिवा लावला. उजेड बरा पडला. जोतिबानंही दुकान बंद करता करता "झ्याक हाय की!" म्हणून टाकलं. ती पायडल मारत निघाली आणि आकाराम मागं एकटेच चालू लागले. ओढ्यावरच्या मोरीपाशी गचका बसला, दिवा क्लॅम्पसकट निखळला आणि रस्त्यावर आपटून विझला.

"मामाऽ! पडला वो!" अंधारातून हाक आली.

आकारामांनी बॅटरी लावली आणि गुडघा विसरून भराभर पुढं गेले. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. क्लॅम्पचे दोन तुकडे हातात घेऊन ते म्हणाले, "पिलास्टिक! फेल," आणि मग दोघं नेहमीसारखी चालत निघाली.

आणि नेहमीसारखंच संयोगिताचं तोंड सुटलं. घरात जिचा आवाज ऐकू येत नसे ती पोर या रस्त्यावर अखंड बोलायची. आज एका म्हाताऱ्याची नवी कवळी बसवली, तर तो म्हणाला, आधी शेंगदाणे आणा, चावून बघतो, मग पैसे देतो. मॅडमनी खरंच शेंगदाणे मागवले.

"मग? चावलं का?"

"चावलं की! आन् उरल्यालं पुडीत बांधून घिऊन गेला."

आकाराम इतके हसले की त्यांना थांबावं लागलं. मग त्यांनी लेहमधला एक किस्सा सांगितला. गाडीतलं डिझेल गोठलं आणि सायबाला चहाच्या शेगडीवर डबा ठेवायला लावला, तो. हा किस्सा घरात कुणी ऐकत नसे. संयोगितानं तो आधी तीनदा ऐकला होता, तरी बरोबर जागच्या जागी "मग वो?" म्हणाली.

द्राक्षबागेपाशी ती म्हणाली, "मामा, मॅडम म्हणत्यात, तुला दाताचा फोटू काढायला शिकवते. मशीनवर. मी म्हणलं, माझं जमलं तर." मग पुन्हा म्हणाली, "जमलं असतं मला."

"जमंल की," आकाराम म्हणाले. "न जमाया काय झालं?"

तिनं सायकल जरा जोरात ढकलली.

तिसरा दिवा तिनं स्वतः शोधून आणला. पेठेतल्या सायकलच्या दुकानातून, धातूचा क्लॅम्प असलेला. फार भारी नव्हता, पण वजन हाताला कळत होतं. आकारामांनी तो बादलीत बुडवला, चालू राहिला. दगडी ओट्यावरून खाली टाकला, चालू राहिला. रविवारी दिवसभर जळत ठेवला, आणि संध्याकाळीही तो भल्या माणसासारखा उजेड देतच होता. आता काय करावं हा मोठाच प्रश्न होता.

मग आकारामांनी पान्हा घेतला, दिवा हँडलवर बसवला, आणि बसवताना त्याचं तोंड थोडं वर केलं. थोडंच. अंगणात सायकल उभी करून त्यांनी बटण दाबलं. उजेड कुंपणावरून निघून समोरच्या शेवग्याच्या शेंड्याला लागला.

"बघा," ते मोठ्यानं म्हणाले, जणू अंगणात सगळी पलटणच उभी आहे. "उजेड समदा आभाळात. रस्त्यावर पडतच न्हाई. फेल!"

संयोगिता दारात उभी होती. या वेळी ती "दुसरा बघते" म्हणाली नाही. नुसतं "बरं," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा फोनवरचा आवाज आला. "मॅडम, तुमी दुसरी मुलगी बघून ठेवा. मी असंन ह्या महिन्यापतोर."

अंगणात रंगूबाई शेंगा फोडत बसली होती. ती उठली, पदराला हात पुसले, सायकलपाशी आली आणि दोन बोटांनी दिव्याचं तोंड खाली दाबलं. उजेड शेवग्यावरून उतरला, कुंपणावरून उतरला, आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर लांबपर्यंत पसरला. खड्डा न् खडा दिसायला लागला.

"आता पडला?" तिनं विचारलं.

आकारामांनी फाटकाबाहेर बघितलं. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणावं तर तेही उजेडात सरळसोट दिसत होतं.

"आवं, मला काय कळत न्हाई व्हय?" रंगूबाई आवाज खाली करून म्हणाली. "घरात तुमी दोघं मुक्यावाणी. आन् तकडनं येताना तुमचं हसणं पार कोपऱ्यावरच्या घरापतोर ऐकू येतंया. मला का वाईट वाटतंया त्याचं? बोला की. पर तुमचं बोलणं ऱ्हावं म्हणून तिची नोकरी घालवायची? तिनं आत्ता फोन केला, ऐकलासा न्हवं?"

"ऐकला."

"मग?"

आकाराम खाली बसले. गुडघा वाजला. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिला नाव द्यायचं धाडस त्यांना होईना. उभा जन्म त्यांनी गाड्या चालवल्या होत्या, माणसं इकडून तिकडं सुखरूप पोचवली होती. पण या उतारवयात ज्या अर्ध्या तासासाठी त्यांना सकाळी उठावंसं वाटायचं, तो त्या उसातल्या रस्त्यावर होता. तो अर्धा तास संध्याकाळी हातात बॅटरी असेल तरच मिळायचा.

त्यांनी पान्हा उचलला. दिव्याचं तोंड रंगूबाईनं दाबलं होतं त्याहून किंचित वर घेतलं, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांवर जाणार नाही आणि खड्डाही वेळेत दिसेल, असं. मग बोल्ट आवळला. दोनदा आवळला. सायकल उचलून आपटून बघितली. हलला नाही.

"विश्वजीतला फोन लाव," ते म्हणाले.

रंगूबाईनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आरं, दिवा पास झाला बघ," आकाराम म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "मघाशी बसवताना माझीच चूक झाली हुती. एक लंबर दिवा हाय."

"म्हंजी तुमी आता फाट्यावर जाणार न्हाई न्हवं, आण्णा?"

"दिवा पास म्हणल्यावर मी कशाला जातोय? मला काय दुसरा उद्योग न्हाई व्हय?"

संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, लपवता न येणारा. आकारामांना तो बघून बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. "मॅडमला परत फोन लाव," ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "सांग, फोटूचं मशीन शिकणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सवयीनं कॅनव्हासचे बूट घातले. नाडी बांधताना लक्षात आलं. तसेच बसून राहिले.

"कुटं निघालासा?" रंगूबाईनं विचारलं.

"कुटं न्हाई. पाय गार पडल्यात."

तिन्हीसांजा उलटल्यावर ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. उसाची ट्रॉली गाणी वाजवत निघून गेली. मग चारीच्या वळणावर एक पांढरा उजेड दिसला. डुगडुगत नव्हता, आभाळात जात नव्हता, रस्त्यावर जिथं पडायला हवा तिथंच पडत होता. मोरी आली, गचका बसला असणार, पण उजेड काही हलला नाही. ज्या रस्त्याला दोघांना अर्धा तास लागायचा तो रस्ता ती पोर बघता बघता संपवत होती. काम चोख झालं होतं. त्यात काही खोट काढायला जागाच नव्हती.

सायकल कोपऱ्यावर आली तसे आकाराम वळले, जमेल तेवढ्या घाईनं ओटा चढले, सोप्यात खुर्चीवर बसले आणि त्यांनी टीव्ही लावला.

फाटक वाजलं. संयोगिता धापा टाकत आत आली, गालावर थंडी होती, डोळ्यांत हसू होतं.

"मामा, पोचले बघा! कसला उजेड पडतोय! मोरीवरचा खड्डा लांबनंच दिसला मला."

"कोण, तू व्हय?" आकाराम टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "कवा आलीस गं? मला कळलंबी न्हाई."

ती काहीतरी सांगणार होती. ओठापर्यंत आलं होतं. पण तिची नजर टीव्हीकडं गेली. बातम्या देणारी बाई तावातावानं बोलत होती आणि तिचे नुसते ओठ हलत होते. आवाज पार बंद होता.

"आवाज मोठा करू का, मामा?" तिनं हळूच विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ दे तसाच."

ती थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग आतून रंगूबाईनं हाक मारली, आणि ती पर्स खुंटीला अडकवून स्वयंपाकघरात गेली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मग संयोगिताचं बोलणं सुरू झालं, दवाखान्यातलंच काहीतरी, आणि बोलता बोलता दोघी खळखळून हसल्या. आकाराम खुर्चीत थोडे पुढं झुकले. नीटसं ऐकू येत नव्हतं.