सोपं टोक

कारखान्यात तिला सगळे चिकटबाई म्हणत. चिकटणाऱ्या पट्ट्या तयार करणं हे तिचं काम होतं, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती गोचिडीसारखी धरून ठेवायची हा तिचा स्वभाव. हे नाव ठेवणारा विक्री विभागातला माणूस कधीच नोकरी सोडून गेला, नाव मात्र मागे राहिलं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर म्हणतात ते परवडलं, असं तिचं म्हणणं.

बुटांना, दप्तरांना, पोरांच्या जॅकेटांना लावलेली ती चर्रकन उघडणारी पट्टी सगळ्यांच्या ओळखीची. वेल्क्रो म्हणतात तिला. एका बाजूला बारीक आकडे, दुसऱ्या बाजूला धाग्यांची लव. आकडे लवीत अडकले की पट्टी बसली. चिकटबाईचा या पट्टीवर जुना राग होता. लवीत केस अडकतात, धूळ बसते, धागे पिंजतात, आणि थोड्याच दिवसांत ती म्हाताऱ्या मांजराच्या पाठीसारखी दिसू लागते. शिवाय ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला ती उघडता येत नाही. दुखऱ्या मनगटाला आधारपट्टा बांधायचा आणि काढताना शेजाऱ्याला हाक मारायची, हा कुठला न्याय?

म्हणून तिने लव काढूनच टाकली. दोन्ही बाजूंना सारखेच इवलेसे दांडे, आणि प्रत्येक दांड्यावर अळंबीसारखी टोपी. दोन पट्ट्या समोरासमोर धरून दाबल्या की एकीच्या टोप्या दुसरीच्या टोप्यांखाली घुसत आणि एकमेकींना धरून बसत. खरी गंमत पुढेच होती. सगळ्या टोप्या एकाच बाजूला जराशा कलत्या होत्या. त्यामुळे एका टोकाने ओढलं तर पट्टी केळ्याच्या सालीसारखी अलगद निघे, आणि दुसऱ्या टोकाने ओढलं तर टोप्या आणखी रुतून बसत. पहिल्याला ती सोपं टोक म्हणे, दुसऱ्याला अवघड टोक. सोपं टोक दुखणाईताच्या हाताशी ठेवायचं, अवघड टोक पलीकडे. म्हणजे पट्टा झोपेत सुटायचा नाही, पण हवा तेव्हा करंगळीनेही निघेल.

हे सांगायला सोपं, करायला महाकठीण. साच्यातून पट्टी निघताना टोप्यांची मुंडकी तुटत. कधी सगळ्या एकमेकींना अशा भिडत की दोन पट्ट्या कात्रीनेच वेगळ्या कराव्या लागत. साचे करणाऱ्या कारागिराने तर हात जोडले. “बाई, डासाच्या डोक्यावर टोपी घालायला सांगताय तुम्ही मला!” पण शेवटी ते जमलं. पहिला चांगला तुकडा हातात आला, तेव्हा चिकटबाई कितीतरी वेळ तो नुसताच लावत आणि काढत बसली होती.

मालक खूश झाले. “आता पुढचं आमच्यावर सोडा,” ते म्हणाले, आणि तिने सोडलं.

वसंत सरता सरता एका रविवारी ती मावशीला भेटायला वृद्धाश्रमात गेली. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते हिच्या बाबतीत शब्दशः घडलं होतं. आई गेली तेव्हा चिकटबाई शाळेतही जात नव्हती. मावशीनेच तिला आपल्या मुलाबरोबर वाढवलं. मावशी शाळेची बस चालवायची. तिच्या आवाजाने मागच्या बाकावरची भांडणं जागच्या जागी थांबत. आता तिला मधूनच विसरायला होई. संध्याकाळ झाली की बस कुठे लावली ते शोधत ती लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घाली. बाकी हातपाय ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत.

त्या दिवशी मावशी व्हरांड्यात नव्हती. खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, आणि पोटावरून एक रुंद निळा पट्टा खुर्चीच्या पाठीमागे गेला होता.

“आलीस का ठमे?” मावशी म्हणाली. घरात तिला ठमीच म्हणत. “बघ, जन्मभर बस चालवली, आता मलाच बसवून ठेवलंय.”

ठमीला हसू आलं नाही. तिने पट्ट्याचं पोटावरचं टोक धरून ओढलं. ते हललं नाही. तिने वाकून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिचीच पट्टी होती. कलत्या टोप्या, तिच्याच मापाच्या, तिच्याच अंतरावर. फक्त उलटी शिवलेली. अवघड टोक माणसाच्या हाताशी, सोपं टोक खुर्चीच्या पाठीमागे, जिथे बसलेल्याचा हात पोचणार नाही. तिने मागे जाऊन ते टोक धरलं. केळ्याची साल निघावी तसा पट्टा निघाला.

मावशी उठली, पाय झटकले आणि म्हणाली, “मला सकाळपासून लघवीला जायचंय.”

ती स्वच्छतागृहातून येईपर्यंत चिकटबाई तो पट्टा मुठीत आवळून दारात उभी होती. सेविका आली तशी ती तिच्यावरच बरसली. “माणसाला बांधून ठेवता? लाज नाही वाटत?”

सेविका दमलेली होती आणि ऐकून घेणारी नव्हती. “मग काय करू? अख्ख्या मजल्याला आम्ही दोघी. एकीला भरवायला घेतलं की दुसरी जिन्यात. परवा एक आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा सगळे नातेवाईक आम्हालाच खायला उठले. तुम्ही रविवारी येता, फळं ठेवता आणि जाता. आणि या आजींच्या मुलाला विचारूनच बांधलंय हो.”

चिकटबाईने तिथूनच मावसभावाला फोन लावला. “दादा, तू हो म्हणालास?”

“पडली तर कोण बघणार तिच्याकडे? तू?” दादा म्हणाला. “हात मोकळे असतात म्हणाले. साधा बेल्ट आहे, गाडीत असतो तसा.”

“गाडीतला बेल्ट आपला आपल्याला सोडता येतो!” ती एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या खोलीतले निवृत्त मास्तर दाराशी येऊन थांबले. पट्टा सुटत नव्हता म्हणून ते खुर्चीसकट आले होते.

सोमवारी ती मालकांच्या खोलीत दार न ठोठावता शिरली. मावशीच्या खुर्चीचा पट्टा त्यांच्या टेबलावर आपटला. “हे काय आहे?”

“नवा माल,” मालक शांतपणे म्हणाले. “तुमच्याच डोक्यातून निघालेला. मी म्हटलं नव्हतं का, पुढचं आमच्यावर सोडा?”

“दुबळ्या माणसाला सोडवता यावी म्हणून केली होती मी ही पट्टी.”

“आणि आम्ही दुबळ्या माणसाला सोडवता येऊ नये म्हणून वापरली. वस्तू तीच. अहो, दोरीवाला दोरी विकतो. कुणी पाळणा बांधतो, कुणी गळफास. दोरीवाल्याने रडत बसायचं का?”

“दोरीवाला गळफासाची गाठ मारून विकत नाही!”

मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आवाज खाली. बाहेर गिऱ्हाइकं बसली आहेत. पाच-सहा वृद्धाश्रम चालवणाऱ्या संचालिकाबाई आहेत. आता याच पट्ट्याची बैठक आहे. तुम्हाला बसायचं असेल तर तोंड मिटून बसा.”

ती बसली, आणि तोंडही मिटून बसली. संचालिकाबाई आपल्या दोन सहायकांबरोबर आत आल्या, चहा झाला, मालकांनी पट्ट्याचे गोडवे गायले. हात मोकळे राहतात, कातडीला ओरखडा येत नाही, मन दुखावत नाही. ‘मन दुखावत नाही’ हे ऐकलं आणि चिकटबाई उठली. मालक बोलण्याच्या भरात होते. तिने पट्टा त्यांच्या पोटावरून घेतला, खुर्चीमागे नेला आणि दाबला. टक्.

“उघडा,” ती म्हणाली.

मालक हसले. मग त्यांनी टोक ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग त्यांचं हसू मावळलं, मान लाल झाली, आणि ते खुर्चीसकट असे उसळले की चाकं सरकून टेबल हललं, चहाचे कप कलंडले. “सोडा! हा काय चावटपणा आहे? सोडा म्हणतो ना!”

“हात मोकळे आहेत की,” चिकटबाई म्हणाली. “मन दुखावलं का?”

तिला वाटलं होतं, आता या बाई शरमतील. निदान मान खाली घालतील. संचालिकाबाई उठल्या, मालकांच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली, पट्टा दोन बोटांनी चाचपून पाहिला आणि सहायकाकडे वळून म्हणाल्या, “धडधाकट पुरुषालासुद्धा सुटत नाही. छान आहे. सगळीकडेच घेऊ या.”

चिकटबाई करायला गेली काय आणि झालं काय! माल तिनेच विकून दिला होता. मालकही तसेच बेरकी. लाल मानेने, बांधलेल्या अवस्थेत त्यांनी हात पुढे केला आणि बाईंचा हात हातात घेतला. “बघा, आमच्या डिझायनर स्वतः दाखवतात,” असं म्हणायलाही ते चुकले नाहीत. बाई गेल्यावर मात्र दात ओठ खात म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

“उद्या कोण येतंय!” ती म्हणाली, आणि त्यांना तसंच ठेवून निघून गेली.

घरी येऊन तिने पहिल्यांदा एक खुर्ची उलथवली. मग ती सरळ केली, कारण तिला तीच हवी होती. कपाटात नमुन्याच्या पट्ट्या पडून होत्या, त्यातली एक तिने स्वतःच्या पोटावरून बांधली, अवघड टोक पुढे. स्वतःवरच दात ओठ खायची वेळ आली की आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती ओढत राहिली, नखं दुखवून घेतली. मग रागाच्या भरात तिने पट्टी मुठीत चुरगाळली, आणि काहीतरी सैल झालं. ती थबकली. पट्टीच्या दोन लांब कडा चिमटीत धरून एकमेकींकडे दाबल्या, पट्टीला पन्हळीसारखा बाक आला, आणि बाकावरच्या टोप्या एकमेकींपासून फाकल्या. तिथे अंगठा घातला की पुढचं सोपं. जोर लागतच नव्हता. पट्टी सपाट असेपर्यंतच तिची मिजास.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात होती, आणि रोज जात राहिली. मावशीला आधी शिकवलं. स्टिअरिंग धरलेले हात ते, तिने दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा स्वतः पट्टा सोडून दाखवला. मग समोरचे मास्तर. मास्तरांना कुणाला तरी शिकवायला मिळालं म्हणून त्यांच्या अंगात वारं संचारलं. “चिमूट. बाक. अंगठा. पुन्हा करा!” असं ते जेवणाच्या टेबलावर घोकून घेऊ लागले. ज्यांची बोटं अगदीच गेली होती त्यांचे पट्टे शेजारी सोडू लागले. सेविका बांधून वळते न वळते तोच मागे सगळं मोकळं. सेविकांनी चिकटबाईला फाटकातच अडवायला सुरुवात केली, तोवर उशीर झाला होता; भेटायला येणाऱ्यांच्या तोंडून युक्ती इतर वृद्धाश्रमांतही पोचली होती.

आणि मग मावशी पडली. व्हरांड्यात पाय अडकला, कपाळ भिंतीवर आपटलं, टाके पडले. दादा आला तो तावातावानेच. “झालं समाधान? तुझ्या रागापायी माझ्या आईचं डोकं फुटलं!”

“बांधून ठेवली असती तर फुटलं नसतं,” ती म्हणाली. “कुजलं असतं.”

“शब्द खेळू नकोस!”

“ए, गप्प बसा दोघं,” पलंगावरून मावशी कडाडली. बसमधला आवाज अजून तसाच होता. “डोकं कुणाचं फुटलं? माझं. पाय कुणाचे? माझे. पडले तर पडले. पण पुन्हा जर कुणी मला त्या खुर्चीला बांधलं, तर मी त्या माणसाच्या हाताला चावेन. मग तो पोटचा असो नाही तर पाळलेला.”

दादा खाली मान घालून निघून गेला. सेविकेने बँडेज नीट केलं आणि चिकटबाईकडे न बघता म्हणाली, “घेऊन जा ना मग तुमच्याकडे. बघा, जमतं का.” बोलणं टोचलं, कारण ते खरं होतं. त्याच आठवड्यात मावशी तिच्या घरी राहायला आली.

पुढे एकदा मालकांचा फोन आला. आवाजात मध होता. सगळीकडून माल परत येतोय, पट्टी सुटते म्हणतात, जरा येऊन तो दोष दुरुस्त करून द्याल का?

“दोष नाही तो,” ती म्हणाली. “माणसं आहेत.” आणि फोन ठेवला. राग गेला नव्हता. अजून कुठेतरी कुणीतरी खुर्चीत अडकलेलं असेल, आणि तिथे मास्तर नसतील, हे तिला ठाऊक होतं.

शेजारच्या खोलीत मावशीच्या येरझाऱ्या चालू होत्या. बस कुठे लावली ते शोधणं चाललं होतं. स्टुलाला धक्का लागल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. चिकटबाई ताडकन उठली. “बस ना गं जरा एका जागी, मावशी!” हे शब्द अगदी जिभेवर आले. ते तिने दातांखाली दाबले आणि तिला स्वतःचाच संताप आला. पलीकडे पावलं क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. ती तिथेच उभी राहून ऐकत राहिली.