काळ्याच्या कातड्याचा डफ

मी एक जुना डफ आहे, आणि मित्रांनो, सध्या माझं डोकं पार उठलं आहे.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या कान्हा भगताने मला घडवलं. लाकडी कडं स्वतः वाकवलं आणि त्यावर आपल्या लाडक्या बोकडाचं, काळ्याचं कातडं ताणलं. कुणी आजारी पडलं, कुणाची गुरं हरवली, की कान्हा मला विस्तवावर शेकून वाजवी. स्वतःसाठी त्याने मला कधीच वाजवलं नाही. यंदा त्याचे हात थरथरू लागले. दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाची वाघबारस येते; त्या दिवशी वाघोबासमोर मला लेकीच्या, साळूच्या हाती द्यायचं त्याने ठरवलं.

तेवढ्यात श्रावणात सुकापूरच्या दिपाताई आल्या. परदेशातल्या नव्या निसर्गपूजकांचा, ठेक्यावर आत्म्यांच्या जगात उतरायचा शमानी मार्ग त्या इंटरनेटवर शिकल्या होत्या. "हा डफ एका पौर्णिमेपुरता द्या," म्हणाल्या.

"शेकून वाजवा बाय, आन वाघबारशीच्या आदी आनून द्या," कान्हा म्हणाला.

एका पौर्णिमेच्या तीन झाल्या! बाई मनाने वाईट नाही, पण विसरभोळी. मला पिसं लावून चौथ्या मजल्यावरच्या घरात भिंतीला टांगलं. मंडळी जमतात, चार दिशांना नमस्कार करायला मोबाइलवर दिशा शोधत भांडतात, मग माझ्या ठेक्यावर डोळे मिटून पाताळात उतरतात आणि आपापल्या प्राण्याला भेटून येतात. कुणाला लांडगा, कुणाला गरुड, त्यांच्यातल्या रूपेशला तर ध्रुवीय अस्वल! ज्याच्या कातड्यावर थापा पडतात, तो काळ्या मात्र एकालाही भेटला नाही. पावसाळी हवेने मी सैलावलो, तर यांनी हेअर ड्रायर लावला. काठाशी चीर पडली. काय म्हणावं या शहाण्यांना!

वाघबारशीच्या आदल्या दिवशी सकाळीही यांची जादा बैठक भरलीच. शेजारच्या नव्या इमारतीवर साळू विटा वाहत होती. माझा बसका आवाज ऐकून ती थेट वर आली.

"आमचा डफ शेकला नाय तुमी?"

तिने मला खाली मजुरांच्या चुलीपाशी नेलं आणि फिरवत फिरवत शेकलं. सगळे मागोमाग आले. दोन थापा पडल्या. चीर असूनही मी खणखणीत बोललो.

दिपाताईंच्या अंगावर काटा आला. "साळू, तुला कोणता प्राणी दिसला गं?"

"बोकड. ह्यो काय, हातातच हाय."

दिपाताईंची मान खाली गेली. "घेऊन जा. चुकलंच माझं."

"उद्या तुमी बी या वाडीवर," साळू म्हणाली. "पन डोले उघडे ठेवून."

मित्रांनो, वस्तू मागून नेलीत, तर तिची रीतही सोबत न्या आणि बोलल्या दिवशी परत करा. आणि डफ हाती आला, तर थाप मारण्याआधी एकदा विचारा, हा बोकड कुणाचा?